घरबसल्या मधुमेहाची जनुक चाचणी: किट कसं आहे, रिपोर्ट कसा वाचायचा आणि कुठे फसायला होतं

लाळेची नळी पाठवा, काही आठवड्यांत तुमचा मधुमेहाचा जनुकीय धोका कळेल, असं सांगणाऱ्या चाचण्या आता ऑनलाइन सहज मिळतात. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सेवेचंच आहे, कारण खोक्यावरचं नाव बदललं तरी आतलं तंत्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं.

आमचं मत आधीच सांगतो. पाचपैकी अडीच तारे. प्रयोगशाळेतल्या कामाला चार, रिपोर्टच्या मांडणीला दोन, आणि सोबत येणाऱ्या 'जनुकांनुसार आहार' या पानांना शून्य. टाइप २ मधुमेहाचा धोका सरासरीच्या वर आहे की खाली, एवढं हे किट बऱ्यापैकी सांगतं. रक्ततपासणीची जागा ते घेत नाही. आणि मधुमेहात जनुक तपासल्यामुळे औषध बदलतं असे जे मोजके प्रकार आहेत, नेमके तेच या किटच्या आवाक्याबाहेर आहेत. आमची मोठी तक्रार ही आहे, कारण खोक्यावर हे कुठेच ठळक लिहिलेलं नसतं.

नमुना देताना

खोक्यात फनेल बसवलेली नळी, वेगळं झाकण, परतीची पिशवी आणि बारकोड असतो. पहिलं काम बारकोड खात्यावर नोंदवण्याचं, लाळ त्यानंतर. एका घरातून दोन-तीन नळ्या एकदम जातात तेव्हा अदलाबदल इथेच होते. नोंदवलेलं लिंग आणि डीएनएतून दिसणारं लिंग जुळत नसेल तर प्रयोगशाळेच्या लक्षात येतं, पण दोन बहिणींच्या नळ्या बदलल्या तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

लाळ देण्याआधी ३० मिनिटं खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम, दात घासणं, गुळण्या सगळं बंद. पाणीसुद्धा नको, त्याने लाळ पातळ होते. नळीवरच्या रेघेपर्यंत, म्हणजे बहुतेक किटमध्ये साधारण २ मिलिलिटर लाळ लागते. फेस त्यात धरायचा नाही. लोक फेसासकट रेघ गाठतात, फेस बसला की प्रत्यक्षात निम्मीच लाळ उरते आणि 'डीएनए अपुरा' म्हणून नमुना परत येतो. तोंड कोरडं पडत असेल तर गाल बाहेरून बोटांनी चोळा. त्याने लाळही सुटते आणि गालाच्या आतल्या पेशीही मिसळतात. लाळेतला डीएनए या पेशींतून आणि पांढऱ्या रक्तपेशींतून येतो, लाळेच्या पाण्यात तो नसतो.

रेघ गाठली की फनेलचं झाकण घट्ट बंद करायचं. त्यातला द्रव नळीत उतरतो, पेशी फोडून डीएनए मोकळा करतो आणि जिवाणूंची वाढ रोखतो. मग फनेल काढून छोटं झाकण लावायचं आणि नळी किमान ५ सेकंद नीट हलवायची. हलवायचं राहिलं तर द्रव खालच्या थरापर्यंत पोचत नाही आणि वाटेत डीएनए तुटतो. कापसाच्या काडीने गालातून नमुना घ्यायची किट सोपी असतात, पण त्यात डीएनए कमी आणि जिवाणूंचा वाटा जास्त येतो. जमेल त्याने नळीचंच किट घ्यावं.

ज्यांचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालं आहे त्यांनी हे किट घेऊच नये. त्यांच्या लाळेतल्या पांढऱ्या पेशी दात्याच्या असतात, त्यामुळे रिपोर्ट दोघांच्या डीएनएची सरमिसळ होऊन येतो किंवा येतच नाही.

प्रयोगशाळेत नेमकं काय वाचलं जातं

माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. हे किट ती सगळी वाचत नाही. एका चिपवर ठरावीक ६-७ लाख जागा तपासल्या जातात आणि मधल्या कित्येक जागा शेजारच्या अक्षरांवरून अंदाजाने भरल्या जातात. लोकसंख्येत सर्रास आढळणारे फरक या पद्धतीने फार चांगले वाचले जातात. चार तारे त्यासाठीच. फार दुर्मिळ बदलांच्या बाबतीत मात्र हीच चिप वाईट चुकते, त्याकडे पुढे येऊ.

टाइप २ मधुमेहाला एक जनुक कारणीभूत नसतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात २५ लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासला गेला, त्यात ४,२८,४५२ मधुमेही होते. त्यातून ६११ ठिकाणी मिळून १,२८९ स्वतंत्र खुणा, म्हणजे मधुमेहाशी जोडलेले डीएनएच्या अक्षरांतले फरक, सापडल्या. या खुणा आठ गटांत पडतात. काही गट स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या इन्सुलिन तयार करण्याशी जोडलेले, काही लठ्ठपणाशी, काही यकृतातल्या चरबीशी, काही चरबी योग्य जागी साठवता न येण्याशी. सारख्याच एकूण धोक्याची दोन माणसं अगदी वेगळ्या वाटेने मधुमेहाकडे जात असतात, ती यामुळे. एकाचं वजन बेताचं असतं पण इन्सुलिन कमी पडतं, दुसऱ्याचं इन्सुलिन भरपूर असतं पण शरीर त्याला दाद देत नाही. इतकी मोलाची माहिती आणि ग्राहकांच्या रिपोर्टमध्ये ती जवळजवळ कधीच दिसत नाही. सगळं एका आकड्यात कोंबलेलं असतं.

तो आकडा असा निघतो. प्रत्येक खुणेच्या जागी धोक्याचं अक्षर तुमच्याकडे किती वेळा आहे, शून्य, एक की दोन, ते मोजायचं. त्या खुणेच्या वजनाने, म्हणजे तिचा परिणाम जितका मोठा तितक्या आकड्याने, गुणायचं. सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचा जनुकीय गुण. म्हणून किट घेण्याआधी कंपनीच्या साइटवरचा नमुना रिपोर्ट उघडा आणि बेरजेत किती खुणा धरल्या आहेत ते शोधा. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी कंपनीने २०१९ साली टाइप २ मधुमेहाचा रिपोर्ट आणला, तो हजाराहून जास्त खुणांवर उभा होता. पाच-दहा जनुकांवरून 'उच्च धोका' असा शिक्का मारणारी किटही विकली जातात. ती घेऊ नका. आकडाच दिला नसेल तर तेही किट घेऊ नका.

टक्केवारीच्या पानावर सगळ्यात जास्त गोंधळ

रिपोर्टमध्ये 'तुमचा धोका १.४ पट' असं लिहून येतं. हा आकडा बहुधा शक्यतेच्या गुणोत्तराचा असतो, सरळ टक्क्यांचा नव्हे. समजा, एखाद्या गटात १०० पैकी ३० जणांना आयुष्यात कधीतरी मधुमेह होतो. गुणोत्तर ३० ला ७०, म्हणजे ०.४३. त्याला १.४ ने गुणलं की ०.६. पुन्हा टक्क्यांत आणलं की ३७.५. म्हणजे ३० चे ४२ झाले नाहीत, साडेसदतीस झाले. मूळ धोका १० टक्के असेल तर तोच १.४ पट आकडा त्याला जेमतेम साडेतेरावर नेतो. मूळ धोका किती धरला, कोणत्या वयापर्यंतचा धरला, हे लिहिलेलं नसेल तर 'पट' या शब्दाला काहीही अर्थ नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये 'अमुक वयापर्यंत १०० पैकी इतक्या जणांना' असं वाक्य असतं. तेवढंच वाचा, लाल-पिवळ्या पट्ट्या सोडून द्या.

'९० वा पर्सेंटाइल' म्हणजे ९० टक्के धोका नव्हे. शंभर जणांत नव्वद जणांचा गुण तुमच्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे २० ते ८० च्या दरम्यान, कुठेही असलात तरी व्यवहारात फारसा फरक पडत नाही. गुणाला वजन येतं ते टोकाला. २०१८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात अशा एकत्रित गुणाच्या वरच्या ३.५ टक्के लोकांचा टाइप २ चा धोका इतरांच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त दिसला. तुम्ही त्या टोकाला असाल तर हे किट तुमच्या उपयोगाचं ठरलं. खालच्या टोकाला असाल तर मात्र निर्धास्त होऊ नका. वाढता कमरेचा घेर आणि वर्षानुवर्षं बैठं काम यांपुढे चांगला जनुकीय गुण टिकत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला मनापासून खटकते. हे गुण प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत. २०१९ साली अनेक गुणधर्मांवर केलेल्या तुलनेत अशा गुणांची अचूकता दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत सुमारे १.६ पटीने, पूर्व आशियाईंत २ पटीने आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत साडेचार पटीने कमी भरली. नंतरच्या अभ्यासांत इतर वंशांचे लोक वाढले आहेत, पण तुमच्या हातातलं किट नव्या वजनांवर चालतं की जुन्या, ते कंपनीला विचारावं लागतं. एकच प्रश्न विचारा: हा गुण माझ्या वंशाच्या किती लोकांवर पडताळून पाहिला? उत्तर गोलमोल आलं तर पर्सेंटाइलचं पान बाजूला ठेवा.

एकेका जनुकाची पानं

बहुतेक रिपोर्टमध्ये पहिलं नाव टीसीएफ७एल२ चं असतं आणि ते रास्त आहे. दहाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक २००६ साली आइसलंडमधल्या संशोधकांनी मधुमेहाशी जोडलं. सर्रास आढळणाऱ्या खुणांमध्ये ही सगळ्यात जोरकस. खुणेचा क्रमांक आरएस७९०३१४६, धोक्याचं अक्षर 'टी'. एका 'टी'मागे गुणोत्तर साधारण १.४ पटीने वाढतं, आई-बाप दोघांकडूनही 'टी' आलं तर जवळपास दुप्पट होतं. हा फरक प्रथिनाचा आकार बदलत नाही. तो जनुकाच्या नियंत्रणाच्या भागात बसतो आणि जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या संप्रेरकांना बीटा पेशी जो इन्सुलिनचा प्रतिसाद देतात तो मंदावतो.

युरोपीय लोकांत 'टी'चं प्रमाण सुमारे ३० टक्के आहे, म्हणजे निम्म्या लोकांकडे निदान एक 'टी' असतोच. पूर्व आशियात मात्र ते मोजक्या टक्क्यांवर येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये एक 'टी' दिसला तर घाबरण्यासारखं काही नाही, तो सर्रास आढळणारा फरक आहे.

हे पान वाचताना एक तांत्रिक खाचखळगा आहे. डीएनएला दोन समोरासमोरच्या साखळ्या असतात आणि कंपन्या कधी एका बाजूने वाचतात, कधी दुसऱ्या. त्यामुळे तीच खूण एका रिपोर्टात 'सी-टी', तर दुसऱ्यात 'जी-ए' अशी छापलेली दिसते. 'टी' म्हणजे 'ए' आणि 'सी' म्हणजे 'जी' असं उलटून घ्यायचं. लठ्ठपणाशी जोडलेल्या एफटीओ जनुकाच्या आरएस९९३९६०९ या खुणेत तर 'ए' आणि 'टी' हीच दोन अक्षरं आहेत. ती उलटली तरी तीच राहतात, त्यामुळे कंपनीने कोणती साखळी वाचली हे लिहिलं नसेल तर तुमच्याकडचं अक्षर धोक्याचं की बिनधोक्याचं हे ओळखता येत नाही. कच्ची माहिती उतरवून दुसऱ्या साइटवर टाकणारे लोक इथेच फसतात आणि अगदी उलट निष्कर्ष घेऊन बसतात.

एफटीओबद्दल अजून थोडं. हे जनुक मधुमेहाचा धोका वाढवतं ते बहुतांशी वजनामार्फत. धोक्याच्या दोन प्रती असणाऱ्यांचं वजन, एकही नसणाऱ्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जास्त असतं. सरासरी ३ किलो, बस्स. 'माझ्या जनुकांमुळे वजन उतरतच नाही' असा अर्थ त्यातून निघत नाही.

पीपीएआरजी, केसीएनजे११, एसएलसी३०ए८ ही नावंही दिसतील. एकेकट्याने त्यांचा परिणाम लहान आहे, त्यांच्यावर वेळ घालवू नका. एसएलसी३०ए८ ची गोष्ट मात्र खरोखर सुंदर आहे. हे जनुक बीटा पेशींत जस्त पोचवणारं प्रथिन बनवतं. त्याची एक प्रत पूर्ण बंद पडलेल्या लोकांचा मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी असल्याचं २०१४ साली दिसलं. बिघडलेलं जनुक इथे संरक्षण करतं. ते बंद पाडणारे बदल फार दुर्मिळ असल्यामुळे साध्या किटमध्ये दिसायची अपेक्षा ठेवू नये.

एखाद्या समाजात एकच जनुक भारी पडतं असंही घडतं. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत टीबीसी१डी४ जनुकातला एक बदल सुमारे १७ टक्के प्रतींमध्ये आढळतो. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर टाइप २ चं गुणोत्तर सुमारे दहा पट होतं. या लोकांचे स्नायू जेवणानंतर रक्तातली साखर नीट ओढून घेत नाहीत. उपाशीपोटीची साखर ठीक दिसते, ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजली की चढलेली सापडते. युरोपीय लोकांसाठी बनवलेल्या साध्या बेरजेत हा बदल बसतच नाही.

रक्ततपासणी आधीच केली असेल तर किटने काय भर पडते?

फार थोडी. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन आरोग्य अभ्यासातल्या लोकांवर हे मोजलं गेलं. वय, लिंग, कुटुंबाचा इतिहास, वजन, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब, चरबी या नेहमीच्या गोष्टींवरून मधुमेह कोणाला होईल हे ओळखण्याची अचूकता ०.९०० होती, १ म्हणजे बिनचूक. त्यात १८ जनुकीय खुणा मिळवल्यावर ती झाली ०.९०१. आज खुणा कितीतरी जास्त आहेत आणि त्याने गुण सुधारला आहे, पण रक्तातली साखर समोर असताना जनुकांना सांगण्यासारखं थोडंच उरतं, हे बदललेलं नाही. जनुकीय गुणाचा उपयोग साखर अजून चढायला लागलेली नसते त्या वयात, विशी-तिशीत, जास्त.

म्हणून आधी स्वस्त आणि पक्क्या गोष्टी करा. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी, ५.७ ते ६.४ टक्के उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर निदान पक्कं करायला दुसरी चाचणी लागते.

इथेही जनुकं आडवी येतात आणि ही माहिती धोक्याच्या गुणापेक्षा जास्त कामाची आहे. एचबीएवनसी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. जी६पीडी जनुकातल्या काही बदलांमुळे लाल पेशी लवकर तुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या या जनुकातल्या एका बदलाने पुरुषांत तो सुमारे ०.८ ने कमी दिसतो. ७.० असायला हवी तिथे ६.२ येते आणि मधुमेह निसटतो. सिकल सेलचा वाहक असण्यानेही आकडा खाली जाऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो वर जातो. घराण्यात असं काही असेल तर एचबीएवनसीवर विसंबू नका, प्रत्यक्ष साखर मोजा.

आहाराची पानं

सरळ काढून टाका. 'तुमच्या जनुकांना कमी चरबी मानवते' किंवा 'कमी पिष्टमय मानवतं' अशा सल्ल्याची थेट परीक्षा झालेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला आणि जनुकांशी 'जुळणारा' आहार मिळालेल्यांचं वजन जास्त उतरलं का ते पाहिलं. फरक दिसला नाही. तरीही ही पानं छापली जातात आणि त्यांच्या आधारावर पुढचे पॅकेज विकले जातात. हे चुकीचं आहे.

उलट ज्याला आधार आहे ते रिपोर्टमध्ये एका ओळीत असतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध प्रयोगात वजन ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या गटात सरासरी २.८ वर्षांत मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. त्याच प्रयोगातल्या लोकांचं टीसीएफ७एल२ तपासलं, तेव्हा दोन 'टी' असणारे एकंदरीत १.५५ पट वेगाने मधुमेहाकडे गेले होते. पण जीवनशैली बदललेल्या गटात हा जादा धोका ठळकपणे उरला नाही. जनुकं कितीही वाईट असली तरी चालणं आणि वजन उतरवणं काम करतं.

धोका कळला की माणूस बदलतो, हा या किटमागचा मोठा दावा. २०१६ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा डीएनएवरून धोका सांगितल्याने लोकांच्या खाण्यापिण्यात वा व्यायामात फरक पडल्याचं दिसलं नाही. नुसत्या कुतूहलापोटी घेणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवून पैसे खर्च करावेत.

जिथे जनुक चाचणी खरंच हवी, तिथे हे किट नको

टाइप १ मधुमेहाचं जनुकीय चित्र वेगळं आहे. त्यात जनुकीय धोक्याचा जवळपास निम्मा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए या रोगप्रतिकारक जनुकांचा असतो. डीआर३ आणि डीआर४ हे दोन्ही प्रकार एकत्र असले की धोका सगळ्यात जास्त, तर डीक्यू६ चा एक उपप्रकार संरक्षण देतो. ६७ खुणांचा एक खास गुण संशोधनात वापरला जातो आणि तो टाइप १ व टाइप २ वेगळे करायलाही मदत करतो. बाजारातल्या किटवर नुसतं 'मधुमेह' लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा फक्त टाइप २ असतं. घरात एखाद्या मुलाला टाइप १ असेल आणि भावंडाची काळजी असेल तर लाळेचं किट मागवू नका, स्वादुपिंडाविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात तपासून घ्या. दोन किंवा जास्त अँटीबॉडी आणि साखरेत बिघाडाची सुरुवात, या टप्प्यावर ८ वर्षांपासून पुढच्यांसाठी टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ साली मंजूर झालं. ते मधुमेह सरासरी दोन वर्षं पुढे ढकलतं.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रकार म्हणजे मोडी, एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा मधुमेह. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. हा प्रकार वर्षानुवर्षं टाइप १ किंवा टाइप २ म्हणून चालवला जातो. जीसीके जनुकात बिघाड असेल तर जन्मापासून उपाशीपोटीची साखर साधारण १०० ते १४५ मध्ये राहते, एचबीएवनसी क्वचितच ७.६ च्या वर जाते, गुंतागुंत सहसा होत नाही आणि गर्भारपण सोडून औषधाची गरज नसते. विनाकारण गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी माणसं यात सापडतात. एचएनएफ१ए जनुकात बिघाड असेल तर सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या गोळ्या फार उत्तम लागू पडतात, इतक्या की सुरुवात नेहमीच्या डोसच्या चौथ्या भागाने करावी लागते, नाहीतर साखर एकदम खाली जाते. अर्थात हा बदल स्वतःच्या मनाने कधीच करायचा नाही, इन्सुलिन तर नाहीच.

सहा महिन्यांच्या आत बाळाला मधुमेह झाला तर जनुक चाचणी ताबडतोब करायलाच हवी. वर आलेल्या केसीएनजे११ जनुकातल्या दुर्मिळ बिघाडाचा यातला वाटा २००४ मध्ये सापडला आणि २००६ च्या अभ्यासात अशा ४९ पैकी ४४ रुग्णांचं इन्सुलिन बंद होऊन ते गोळ्यांवर आले.

आता चिपच्या चुकीबद्दल. मोडीचे बदल फार दुर्मिळ असतात आणि चिप दुर्मिळ बदल वाचायला बनलेलीच नाही. २०२१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या नमुन्यावर तपासलं तेव्हा अत्यंत दुर्मिळ बदल चिपवर दिसल्यास तो खरा निघण्याचं प्रमाण फक्त १६ टक्के होतं. कच्ची माहिती उतरवून दुसऱ्या साइटने 'मोडी सापडला' म्हटलं, तर ते बहुधा खोटं असतं. काही सापडलं नाही म्हणूनही सुटका नाही, कारण चिपने त्या जनुकातली बहुतेक अक्षरं पाहिलेलीच नसतात.

मोडीची शंका कोणाला यावी? मधुमेह पस्तिशीच्या आत झाला, घरात दोन-तीन पिढ्यांत आहे, वजन बेताचं आहे, अँटीबॉडी नाहीत आणि निदानाला तीन वर्षं उलटूनही सी-पेप्टाइड टिकून आहे, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून बनवतं आहे. क्रम असाच ठेवा: आधी अँटीबॉडी, मग सी-पेप्टाइड, मग जनुक पॅनेल, म्हणजे मोडीची जनुकं अक्षर-अक्षर वाचणारी प्रयोगशाळेतली चाचणी. एक्सेटर विद्यापीठाने मोडीची शक्यता काढणारं गणकयंत्र ऑनलाइन ठेवलं आहे, पण ते युरोपीय रुग्णांवर बेतलेलं आहे, इतरांनी त्यातला आकडा अंतिम मानू नये. पॅनेल मागवताना दोन गोष्टी विचारा. जनुकाचा अख्खा तुकडा गळालेला असेल तर कळतं का? एचएनएफ१बी मध्ये ते वारंवार होतं आणि नुसतं अक्षरं वाचून दिसत नाही. मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या डीएनएतला, एम.३२४३ हा बदल धरला आहे का? आईकडून येणाऱ्या मधुमेहासोबत बहिरेपणा असेल तर तोच मुख्य संशयित. वयासोबत रक्तातलं त्याचं प्रमाण घटत जातं, म्हणून मोठ्या वयात लघवीच्या नमुन्यात तो जास्त खात्रीने सापडतो.

पॅनेलचा रिपोर्ट पाच पायऱ्यांत येतो, रोगकारक ते निरुपद्रवी. मधली पायरी 'अर्थ अनिश्चित' अशी असते. तिच्यावरून औषध बदलायचं नाही, आधी घरातल्या मधुमेही आणि निरोगी अशा दोन्ही माणसांत तो बदल आहे का ते बघायचं.

माहितीची सुरक्षितता

पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. ट्वेंटीथ्री अँड मीच्या २०२३ मधल्या गळतीत सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली. चोरांनी दुसरीकडे फुटलेले पासवर्ड इथे वापरले आणि नातेवाईक शोधायच्या सोयीतून बाकीच्यांपर्यंत पोचले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांचा डीएनए कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न उभा राहिला. खातं उघडताना वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी घ्या, नातेवाईक जुळवणी बंद ठेवा, उरलेला नमुना नष्ट करा असा पर्याय निवडा. संशोधनाला संमती विचारपूर्वक द्या. विम्याच्या अर्जात जनुक चाचणीबद्दल विचारतात का, हे चाचणीच्या आधी बघा. अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्यविम्यात संरक्षण देतो, आयुर्विम्यात देत नाही. इतर देशांचे नियम वेगळे.

रिपोर्ट डॉक्टरकडे नेताना

चाळीस पानं नेऊ नका. गुणाचं एक पान, त्यावर खुणांची संख्या, कोणत्या वंशावर पडताळणी झाली आणि रिपोर्टची तारीख असावी, कारण कंपनी वजनं बदलते आणि त्याच डीएनएचा पर्सेंटाइल पुढच्या वर्षी वेगळा येतो. त्यासोबत एका कागदावर तीन पिढ्यांचा तक्ता: कोणाला मधुमेह, कितव्या वर्षी झाला, तेव्हा वजन कसं होतं, इन्सुलिन कधी लागलं, कोणाला बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे का. शेवटी ताजी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी. या तिन्हींत डॉक्टर आधी तक्ता बघतील, आणि मोडीचा धागा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.